इंजिन तर बसतंय, दाजी!

सॅन स्टॉर्म नावाची गाडी आता फारशी कुणाला आठवत नाही. बंगळुरूच्या सॅन समूहाने १९९८च्या सुमारास ती गोव्यात बनवायला घेतली. दोन माणसांची, उघड्या छपराची, फायबरच्या अंगाची. आराखडा फ्रान्सचा आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. बनल्या मोजक्याच. त्यातली एक माझ्या मेहुण्याने घेतली, आणि घेतल्यापासून त्याला तिचं इंजिन बदलायचं आहे.

माझी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, फिक्स्चर आणि गेज बघण्याची. त्यामुळे घरातले ‘हे तिथे बसेल का?’ छापाचे सगळे प्रश्न आपसूक माझ्याकडे येतात. पुढचे मुद्दे त्या गाडीच्या निमित्ताने आम्ही दोघांनी घातलेल्या वादांतून निघालेले आहेत. दुसऱ्या कुठल्या जुन्या गाडीला लागू पडले तर आनंदच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात ‘होत नाही’ म्हणणारा माणूस शोधावा लागतो. ड्रॉइंग द्या, नग घेऊन जा. बाहेरगावच्या हौशी लोकांना आपला हेवा वाटतो तो यामुळेच. पण माझं मत उलटं आहे. काहीही बनवून मिळतं म्हणूनच इथे इंजिनाच्या अदलाबदली अर्ध्यावर अडकून पडतात. काय बनवायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

१. पाना हातात घेण्याआधी आरसी हातात घ्या.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मूळ ठरवलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, असं ते कलम सांगतं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या किटसाठी वेगळी वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या बदलांबद्दल कडक भूमिका घेतली. म्हणजे त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवून नवा नंबर आरटीओकडून चढवून घेणं ही एक गोष्ट, आणि ११४९ सीसीच्या जागी १३९० सीसीचं वेगळं इंजिन बसवणं ही अगदी दुसरी. पहिलीसाठी बिल, अर्ज आणि मंजुरी लागते. दुसरीसाठी आधी लेखी विचारा, उत्तर हातात येईपर्यंत चेनपुलीला हात लावू नका.

यावर मेहुण्याचा प्रश्न ठरलेला. ‘दाजी, पोलीस काय बॉनेट उघडून बघतोय का?’ पोलीस बघत नसेल. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर बघतो, आणि आरसीशी न जुळणारं इंजिन त्याला सापडलं की क्लेम तिथेच अडकतो. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा एमएच १४ची गाडी मोशीला न्यावी लागते आणि तिथला इन्स्पेक्टर इंजिन नंबर वाचतो. दर पाच वर्षांनी एकाच माणसासमोर तेच खोटं बोलायचं, हा बेत मला तरी झेपणारा नाही.

ज्यांच्या वाड्यात आजोबांची फियाट ११०० किंवा हेराल्ड झाकून ठेवली आहे त्यांनी आणखी एक बघावं. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांसकट. पण चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असेल तरच. इंजिन बदललंत तर ते दार कायमचं बंद.

२. मूळ इंजिन मेलंय की आजारी आहे, ते बघा.

दहापैकी आठ अदलाबदलींची सुरुवात ‘पार्ट मिळत नाहीत’ या वाक्याने होते असं मला वाटतं, आणि ते वाक्य बहुतेक वेळा कुणीतरी फोनवर सांगितलेलं असतं. स्टॉर्मचं इंजिन रेनोच्या घरात डी७एफ म्हणून ओळखलं जातं. युरोपात तेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओ या छोट्या गाड्यांत वर्षानुवर्षं बसत होतं. लाखांनी विकलेल्या गाड्या त्या. म्हणजे रिंगा, बेअरिंग, गॅस्केट जगात नाहीत असं नाही, नाना पेठेत नाहीत एवढंच. कुरियरचं भाडं आणि कस्टमचा आकार धरूनसुद्धा तो खर्च अदलाबदलीच्या पासंगाला पुरणार नाही.

म्हणून आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यावं. एका सिलिंडरला कमी आलं तर प्लगमधून थोडं ऑइल सोडून पुन्हा घ्यावं. वाढलं तर रिंगा गेल्या, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यावर काही लाखांचा निर्णय फिरतो.

३. ‘जास्त ताकद’ हे कारण पुरत नाही.

आपल्याकडे इंजिनाच्या अदलाबदली घरगुती मेकॅनिकांच्या आधी कंपन्यांनीच केल्या, हे आपण विसरतो. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा घ्या. १९८४ साली ती आली तेव्हा अंग व्हॉक्सहॉलचं होतं, लांबरुंद, आणि त्यात बसवलं होतं ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन. पन्नासेक हॉर्सपॉवर. दिसायला पैलवान, चढाला लागली की धाप. काही वर्षांनी त्याच गाडीत इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, आणि त्याच्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. हे ‘बरोबर’ महत्त्वाचं आहे. नुसतं इंजिन आलं असतं तर काँटेसा आज ज्या प्रेमाने आठवली जाते तशी आठवली गेली नसती.

उलटं उदाहरण मद्रासच्या स्टँडर्ड २००० चं. १९८५ साली रोव्हर एसडी१ या देखण्या गाडीचं अंग आणलं. इंग्लंडात तिच्यात साडेतीन लिटरचं व्ही८ मिळायचं. आपल्याकडे त्यात घातलं व्हॅनगार्डच्या वंशातलं दोन लिटरचं जुनं चार सिलिंडर इंजिन. गाडी महाग, तहान मोठी, पळणं बेताचं. काही वर्षांत कारभार आटोपला. इंजिन जागेवर बसलं होतं, स्टार्ट होत होतं, सुटे भाग देशात होते. तरी ते त्या गाडीचं नव्हतं.

आणि जीप. महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यात पूजो डिझेल इंजिनं बनायची आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन चढलं. त्या काळातले मेकॅनिक अजून सांगतात की सकाळी उतरवलं, संध्याकाळी चढवलं. खरं आहे ते. पण जीपचं बॉनेट म्हणजे नुसती खोली होती, चॅसिस उघडी शिडी, वायरिंग बोटावर मोजण्याइतकं. त्या आठवणीच्या भरवशावर स्पोर्ट्‌स कारचा अंदाज बांधायला जाऊ नये.

आम्ही मेहुण्याकडून एका कागदावर लिहून घेतलं की गाडी नेमकी काय करायला हवी. तीन ओळी आल्या. सुट्टीच्या दिवशी पहाटे लोणावळ्याला जाऊन यायचं. घाटात दुसऱ्या गिअरवर रडायला नको. रस्त्यात बंद पडली तर इथल्या मेकॅनिकला कळली पाहिजे. या तीन ओळींत दीडशे हॉर्सपॉवर कुठेच नाही.

४. इंजिन विकत घेऊ नका, आख्खी गाडी घ्या.

मेहुण्याचं पहिलं प्रेम होतं पोलो जीटीचं १.२ टीएसआय. चाकणची गाडी, आपल्या दाराशी बनलेली, १०५ हॉर्सपॉवर, टर्बो. कागदावर स्टॉर्मसारख्या हलक्या गाडीत ते स्वप्नच. पण त्या इंजिनाचा ईसीयू मीटरशी बोलतो, मीटर किल्लीशी, गिअरबॉक्स स्वतःच्या मेंदूसकट या सगळ्यांशी. यातलं एक जरी मागे राहिलं तर बाकीचे गप्प बसतात. कुर्ल्याच्या बाजारात इंजिन सुटं मिळतं. त्याच्याशी बोलणारी मंडळी मात्र केव्हाच निरनिराळ्या गोण्यांत गेलेली असतात.

म्हणून आम्ही खाली उतरलो. महिंद्रा-रेनोची लोगन २००७ साली नाशिकला बनायला लागली, रेनो २०१० मध्ये बाहेर पडल्यावर तिचंच नाव व्हेरिटो झालं. तिचं १.४ पेट्रोल इंजिन ७५ हॉर्सपॉवरचं, आठ व्हॉल्व्हचं, बिडाच्या ब्लॉकचं, साधं. नखरा शून्य. इंधन पेट्रोलच, इंजिन आडवंच, चालवणारी चाकं पुढचीच, घराणंही रेनोचंच. आणि आख्खी चालती गाडी नव्या फोनच्या भावाच्या आसपास मिळू शकते.

चालती घ्यावी, आणि काही आठवडे चालवावी. तिच्या खोडी तिच्याच अंगात असताना कळल्या पाहिजेत. नंतर दोष जुन्या इंजिनाचा, नव्या वायरिंगचा की आपल्या वेल्डिंगचा, हे शोधता शोधता नाती तुटतात. मग वायरिंग हार्नेस, ईसीयू, किल्ली, इमोबिलायझर, पेट्रोल पंप, ॲक्सिलरेटरची केबल, गिअर लिव्हरचा सांगाडा, रेडिएटर, फॅन, अगदी माउंटिंगचे नटबोल्टसुद्धा, सगळं एकाच घरातून येतं. उरलेलं धूड भंगारवाल्याला देण्याआधी नोंदणी रद्द करून घ्यायची. तेही कामच आहे.

५. सुतात मोजायचं काय आणि मायक्रॉनमध्ये काय.

बॉनेटखाली दोन सूत जागा आहे की तीन, हे पट्टीने कळतं. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य जुळतोय का, हे डायल गेजशिवाय कळत नाही. तिथे शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या वर फरक गेला की क्लच आणि बेअरिंग हळूहळू खाल्लं जातं, आणि खाल्लं जाताना फक्त एक बारीक घरघर ऐकू येते. मेहुणा म्हणाला होता, ‘स्टॉर्मचाच गिअरबॉक्स ठेवू, मध्ये ॲडॅप्टर प्लेट टाकू.’ भोसरीत ती प्लेट व्हीएमसीवर दोन तासांत निघेल. पण डॉवेलची जागा, फ्लायव्हीलची खोली, स्टार्टरचे दात, क्लच बेअरिंगचा प्रवास, हे सगळं त्या एका प्लेटवर अवलंबून असतं. म्हणून ज्या गाडीचं इंजिन, त्याच गाडीचा गिअरबॉक्स. प्लेट बाद.

जागेचं माप मात्र मोकळ्या ब्लॉकने घ्यावं. एखादा फुटका, निकामी ब्लॉक आणि रिकामं गिअरबॉक्सचं घर मिळालं तर दोन माणसं ते हाताने उचलून आत ठेवू शकतात. वरचा मॅनिफोल्ड, आल्टरनेटर, ऑइल फिल्टर पुठ्ठ्याचे आणि थर्माकोलचे करावेत. मग बघावं: स्टिअरिंग रॅकला संप लागतो का, ब्रेक बूस्टरला इनटेक टेकतो का, ऑइल फिल्टर काढायला हात जातो का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. फिल्टर बदलायला दरवेळी इंजिन उतरवावं लागणाऱ्या गाड्या मी बघितल्या आहेत.

संपची उंची जमिनीपासून मोजावी, आणि तीही दोन माणसं बसवून. चाकण एमआयडीसीतले गतिरोधक कुणी कुठल्या मापाने घातलेत ते देव जाणे.

सगळ्यात शेवटी ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचे शाफ्ट. चाक पूर्ण खाली लोंबत असताना, पूर्ण वर दाबलेलं असताना आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवलेलं असताना, असं सगळीकडे माप घ्यायचं. एका स्थितीत बसणारा शाफ्ट दुसऱ्या स्थितीत सांध्यातून निसटू शकतो किंवा आतल्या कपाच्या बुडाला ठोकू शकतो.

६. काय बनवून घ्यायचं आणि काय नाही.

बनवून घ्यायचं: इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट, सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरचे आधार, उष्णता अडवणारे पत्रे. यात रबराचा बुश मात्र चालू उत्पादनातलाच घ्यायचा, बाजारात उद्याही मिळेल असा. ब्रॅकेट आपल्या मापाचा, बुश कंपनीचा.

बनवून घ्यायचं नाही: दोन वेगळ्या गाड्यांचे शाफ्ट कापून, मध्ये नळी घालून वेल्ड केलेला ॲक्सल. हे काम करून देणारे आहेत, आणि त्यांचं वेल्डिंग दिसायला सुरेख असतं. पण तो शाफ्ट पीळ सोसतो, आणि कारखान्यात त्याला जी उष्णता-प्रक्रिया दिलेली असते ती वेल्डिंगच्या जागी नाहीशी होते. लांबी जुळत नसेल तर योग्य पोलादातून आख्खा शाफ्ट वळवून, त्याच्या स्प्लाइन काढून, हीट ट्रीटमेंट करून घ्यायचा. ते परवडत नसेल तर बेत बदलायचा. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागालाही हाच नियम.

एक नग बनवून घेण्याची एक रीत असते, ती न कळल्याने चांगल्या शॉपची दारं बंद होतात. रोज हजारो नग काढणाऱ्या मालकाला तुमचा एक नग म्हणजे मशिनचं सेटिंग मोडणं. भोसरीत गुरुवारी सुट्टी, म्हणून लोक बुधवारी संध्याकाळी हळूच तुकडा घेऊन जातात आणि ऑपरेटरला गळ घालतात. तसं करू नये. मालकाला भेटावं, पूर्ण ड्रॉइंग द्यावं, कुठलं माप काटेकोर आणि कुठलं चालेल ते लिहून द्यावं, सेटिंगचे पैसे आपणहून विचारावेत. माझ्या ओळखीचे एक जुने टर्नर काका आहेत, टेल्कोत शिकलेले. ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर मेहुण्याने सगळीकडे पाच मायक्रॉनची टॉलरन्स मारली होती. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘हे गाडीत लावायचंय की लॅबमध्ये ठेवायचंय?’ पाच मायक्रॉन काढून अर्धा मिलिमीटर लिहिला, आणि किंमत तिथल्या तिथे निम्म्यावर आली.

७. फायबरच्या अंगाला अर्थ नसतो.

पत्र्याच्या गाडीत आख्खी बॉडीच बॅटरीची उणे बाजू असते. दिवा कुठेही लावा, एक वायर पुरते. फायबरमधून वीज जात नाही. स्टॉर्मसारख्या गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक सेन्सरला परतीची वायर द्यावी लागते. लोगनचं हार्नेस पत्र्याच्या बॉडीसाठी बनलेलं, त्यात ठिकठिकाणी ‘इथे बॉडीला अर्थ’ असं गृहीत धरलेलं आहे. त्या सगळ्या जागा शोधून एका जाड तांब्याच्या पट्टीवर आणाव्या लागतात. इंजिन ते चॅसिस आणि बॅटरी ते चॅसिस असे जाड वेणीचे पट्टे वेगळे. ते राहिले तर स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बऱ्याचदा ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल असते. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली तर कारण हे.

उष्णतेचंही तसंच. साध्या पॉलिएस्टर रेझिनचं फायबर शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंशांवर चालतो. पीयूसीसाठी तो हवाच. म्हणून पाइप आणि फायबर यांच्यामध्ये हवेची फट, मग पत्रा, मग पुन्हा फट. नुसती चंदेरी टेप चिकटवून भागत नाही.

८. खरी परीक्षा तळेगाव चौकात.

घाटात गाडी पळत असते, वारा लागत असतो. चाकणच्या तळेगाव चौकात मे महिन्याच्या दुपारी कंटेनरच्या मागे ती उभी असते. पेट्रोलच्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो, आणि उभ्या गाडीत ते काम एकट्या फॅनवर. स्टॉर्मचं तोंड बुटकं आहे, लोगनचा रेडिएटर तिथे सरळ उभा राहत नाही. तिरपा बसवता येतो, पण मग हवा त्याला वळसा घालून निघून जाणार नाही यासाठी चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा लागतो. गरम पाण्यातली हवा निघायला सगळ्यात वरच्या बिंदूवर नळी हवी. या दोन गोष्टी ड्रॉइंगवर नसतील तर बाकीचं ड्रॉइंग बघण्यात अर्थ नाही.

९. ब्रेक आधी.

ताशी १०० वरून १२० वर गेलं की ब्रेकने जिरवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. होज, डिस्क, पॅड, सिलिंडर हे इंजिनाला हात लावण्याआधी.

१०. परत फिरता येईल असंच काम.

चॅसिसला कापणं नाही, मूळ भोकं मोठी करणं नाही. नवे ब्रॅकेट जुन्याच भोकांत बसले पाहिजेत. मूळ इंजिन नंबरासकट, तेल लावून, कोरड्या जागी. हे पथ्य पाळलं की पहिल्या मुद्द्यातल्या लेखी उत्तराची वाट बघणं सोपं होतं.

सध्याची परिस्थिती अशी. कॉम्प्रेशन घेतल्यावर स्टॉर्मच्या तीन सिलिंडरची तब्येत ठणठणीत निघाली, चौथ्यात रिंगा गेल्या आहेत. तेव्हा मूळ इंजिन उघडायचं आणि त्याच नंबरासह पुन्हा बांधायचं, असं ठरलं. ब्रेकचं काम झालं. अर्थचे पट्टे बदलले, ते तसेही गंजले होते. लोगनच्या इंजिनाची फाइल मापांसकट तयार आहे. आरटीओने लेखी होकार दिला तर ती उघडू. नाहीतर रस्त्यावर न चालवायचं एखादं धूड मिळाल्यावर, ते ट्रेलरवरून कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर नेण्यापुरती.

दाता म्हणून आणलेल्या लोगनला अजून कुणी हात लावलेला नाही. मेहुणा रोज तीच घेऊन कामावर जातो, आणि एसी फार गार आहे म्हणतो.